नागरगोजे सरांचं तिखट तण

नागरगोजे सरांना मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नसे. हे मी पदरचं सांगत नाही. वडवणीच्या आठवडी बाजारात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सर भाजीवाल्या म्हातारीपुढं ताठ उभे राहिले, एका हिरव्या जुडीकडं बोट केलं आणि म्हणाले, "मावशी, ही मेथीची जुडी द्या." म्हातारी म्हणाली, "सर, कोथमीर हाय ती." सरांनी क्षणभर विचार केला. "बरं. मग कोथमीर द्या." आणि तीच जुडी पिशवीत टाकून ते चालू लागले. घरून मेथी आणायला सांगितली होती. त्यांच्या बायकोनं, कौसावहिनींनी, कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी कोथिंबिरीच्या वड्या केल्या. त्यातल्या चार मला, शेजारणीला, भिंतीवरून मिळाल्या, म्हणून मला हे सगळं नीट आठवतंय.

पुढं याच माणसाला मी अंगणात गुडघे टेकून, हातात भिंग धरून, तांदळाच्या कणीएवढ्या पिवळ्या फुलाचे पुंकेसर मोजताना पाहिलं. त्याची ही हकीकत आहे.

सर आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे, मी मराठी. घरं शेजारी शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. त्यामुळं मला सर दोन्हीकडून माहीत. गळ्यात शिट्टी कायम. लग्नाला जातानासुद्धा इस्त्रीच्या शर्टावर ती लोंबत असायची. वाजवायचे नाहीत, पण ती असायची. सर हसले की पोटावर उड्या मारायची. बोलताना हात पाठीमागं बांधून, पाय फाकवून विश्रामच्या पवित्र्यात उभे राहायचे, मग समोर मुख्याध्यापक असोत की दूधवाला. आणि जगातली प्रत्येक गोष्ट उंचीप्रमाणं लावायचा त्यांना नाद होता. पोरं तर झालीच, पण दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे, फडताळातले डबेसुद्धा. वहिनी डबे वापराप्रमाणं लावायच्या, सर ते उंचीप्रमाणं करायचे, आणि मग हळदीच्या डब्यात जिरं शोधत वहिनी त्यांच्या नावानं शंख करायच्या.

प्रार्थनेच्या वेळी सरांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. "विद्यार्थ्यांनो, शिस्त हा जीवनाचा पाया आहे." आणि त्याच श्वासात मागच्या रांगेकडं बघून, "ए, खिशातला हात काढ की बे! हिवाळा लागलाय व्हय तुला एकट्याला?"

जेवणाबाबत सरांकडं एकच शब्द होता, झकास. काहीही वाढा, झकास. शिळं वाढा, करपलेलं वाढा, झकास. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना सरकीची पेंड वाढली तरी झकास म्हनतील अन् वर अजून मागतील."

हे दुःख त्यांना जास्त होतं, कारण वहिनींची जीभ म्हणजे आमच्या गल्लीचं कोर्ट होतं. कुणाकडं लग्न असो की जावळ, आचारी पळीभर आमटी घेऊन वहिनींच्या ओट्यावर यायचा. वहिनी करंगळी बुडवायच्या, जिभेला लावायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "मीठ जरासं कमी, अन् हळद कच्ची ऱ्हायलीय. अजून एक उकळी येऊ दे." आचारी मुकाट्यानं परत जायचा. मी स्वतः पुरण शिजलं की वाटीभर भिंतीवर ठेवून हाक मारायची. त्यांनी मान हलवल्याशिवाय पोळ्या लाटायला घ्यायचं धाडस मला नव्हतं.

साथीच्या त्या वर्षी वहिनींना ताप आला. आठ-दहा दिवसांत उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. तसं ते गल्लीत बऱ्याच जणांचं गेलं होतं, आणि बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत परत आलं. वहिनींचं काही येईना. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. वहिनींनी वाट बघितली आणि कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं मीठ घालायच्या, आणि सरांना विचारायच्या, "बरोबर हाय का हो?" सर म्हणायचे, "झकास."

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाचं जेवण हॉटेलात नको, मी घरीच करते, असा वहिनींनी हट्ट धरला. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, सगळा थाट. आम्ही सगळा स्टाफ पंगतीला. आमटीचा पहिला घास घेतला आणि माझी जीभ आक्रसली. वहिनी बोलता बोलता दोनदा मीठ घालून बसल्या होत्या. पंगतीत सगळे एकदम पाण्याच्या तांब्याकडं वळले. कुणी काही बोललं नसतं. पण आमच्या मुख्याध्यापकांना रक्तदाबाचा त्रास आणि मनात काही न ठेवण्याची सवय. ते हसत म्हणाले, "वहिनी, आम्हा बीपीवाल्यांवर जरा दया करा. मिठाचा हात आवरा."

वहिनी वाढता वाढता थांबल्या. त्यांनी सरांकडं बघितलं. सर पानाकडं बघत होते. स्वयंपाकघरात त्यांनीच चाखून झकास म्हटलं होतं. वहिनींनी शेवटच्या माणसापर्यंत नीट वाढलं, हसून वाढलं, आणि पाहुणे गेल्यावर मिठाचा डबा उचलून सरांच्या हातात ठेवला. "आता तुमीच बगा," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या चुलीपुढं गेल्या नाहीत. भांडी घासायच्या, कपडे धुवायच्या, पण स्वयंपाकघराकडं पाठ करून ओट्यावर बसायच्या. मी एकदा भिंतीपाशी विषय काढला. म्हणाल्या, "बाई, माझ्या तोंडाची चव गेली त्याचं येवढं न्हाई. पन लोकाच्या ताटात आपन काय वाढतोय तेच आपल्याला कळंना, तर तिथं बसायचं कशाला?"  

स्वयंपाकाचा ताबा सरांनी घेतला. पहिल्या आठवड्यात खिचडी. दुसऱ्या आठवड्यातही खिचडी, पण वर शेंगदाणे. भाकरी थापायला गेले तर ती परातीला चिकटायची आणि परातीसकट तव्यावर जायला निघायची. वहिनी जे पुढ्यात येईल ते गिळायच्या, आणि चांगलं-वाईट काहीच म्हणायच्या नाहीत. सर ताटावर बसून वाट बघायचे, की ही आता तरी नाक मुरडेल. वहिनी जेवून ताट घेऊन उठायच्या.

वहिनींचं माहेर पालीचं. बिंदुसरेच्या धरणाला लागूनच त्यांच्या भावाची, आसारामची जमीन. संक्रांतीला सर त्यांना घेऊन तिकडं गेले. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक हरभरा टाकतात, त्याला गाळपेर म्हणतात. आसाराम आपली गाळपेर दाखवायला दोघांना पाण्याच्या कडेकडेनं घेऊन निघाला. रानातली बाई चालते तेव्हा तिचा हात मोकळा राहत नाही. इथला शेंडा खुड, तिथलं पान तोड, आणि तोंडात टाक. वहिनींनीही चालता चालता कसलासा कोवळा शेंडा खुडला आणि चघळला. आणि जागच्या जागी थबकल्या. नाकाला हात, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अवो! तिखट! तिखट लागलं मला!"

दुसऱ्या दिवशी सर हे सगळं मला भिंतीपाशी विश्रामच्या पवित्र्यात उभे राहून सांगत होते आणि शिट्टी नुसती नाचत होती. मी विचारलं, "कोणतं झाड होतं?"

 शिट्टी थांबली.

"मॅडम, मी झाडाकडं बगितलंच न्हाई. मी हिच्याकडं बगत होतो."

वहिनींना विचारावं तर त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत पानी. मला काय दिसतंय? मोहरीवानी पिवळं बारीक फूल होतं, येवढं खरं." शेंडा त्यांनी खाऊन टाकलेला. मागं वळून शोधायचं, तर तेवढ्यात आसारामच्या म्हशी पाण्यावर आल्या आणि त्यांनी ती सगळी कड तुडवून चिखल केला.

मी आपलं शहाणपणानं सुचवलं, की मोहरीसारखं होतं तर मोहरीच फेसून द्या. सरांनी इतकी फेसली, की माझ्या घरात बसून मला ठसका लागला. वहिनी म्हणाल्या, "नाकात झनका गेला, पन जिभेला काय न्हाई. त्या पाल्याला चव होती बगा." खरंच होती, की त्या दिवसाच्या आनंदात तसं वाटलं, देव जाणे. सरांनी मात्र हुकूम मिळाल्यासारख्या टाचा जुळवल्या.

शोधाची त्यांची पद्धत मैदानावरचीच होती. येईल त्याची चाचणी घ्यायची. जुन्या मोटारसायकलवर बसून पालीला जायचं, धरणाच्या कडेनं चालायचं आणि पिवळ्या फुलाचं जे दिसेल त्याचं पान चावून बघायचं. एके दिवशी असे परतले, की ओठ दोन्ही मिळून उडदाच्या वड्याएवढे झालेले आणि जीभ तोंडात मावत नव्हती. मीच रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "सर, गुरंसुद्धा हुंगून खातात हो." सरांना काहीतरी बाणेदार बोलायचं होतं, पण तोंडातून नुसता फुस्स असा आवाज आला. त्यानंतर वहिनींनी ओळखदेख नसलेलं काहीही तोंडात न घालण्याची शपथ घ्यायला लावली.

मग पावसाळ्यात ते एक दिवस विजयी मुद्रेनं आले. पिवळं फूल, चार पाकळ्या, आणि त्यासाठी पालीपर्यंत जावंही लागलं नव्हतं. गावाबाहेरच्या सोयाबीनमध्ये रग्गड उगवलं होतं. सरांनी मागच्या अंगणात वाफा खणला, दोरी लावली, आणि ती रोपं सरळ रांगेत, अर्थातच उंचीप्रमाणं लावली. आठवडाभर वहिनींपासून लपवून ठेवलं. मग त्यांचा हात धरून मागं घेऊन आले.

"ओळख बरं काय हाय! तुझं रोप!"

वहिनींनी पानाला हात लावला. पान बोटांना चिकटलं. बोटं नाकापाशी नेली, वास तर येत नव्हताच, पण सवय.

"अवो, ही तिळवन हाय! माझ्या बापानं जलमभर हिला उपटून बांधावर फेकली, अन् तुमी तिला खत घालून ऱ्हायलाव?"

आणि त्या हसायला लागल्या. कमरेवर हात ठेवून हसल्या, मग खाली बसून हसल्या. त्या घरातून बरेच महिने हसू ऐकू आलं नव्हतं, म्हणून मी काय झालं बघायला धावले. सर वाफ्याच्या मधोमध उभे, हाताला चिखल. ते माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मॅडम, आजचा दिवस वाया न्हाई गेला." तिळवण मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं उपटली.

अखेर मी मधे पडले. आमच्या शाळेत विज्ञानाला शेख मॅडम आहेत. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी, सरांच्या खो-खोच्या संघात खेळलेल्या. सरांसमोर अजूनही त्या नकळत सरळ उभ्या राहतात. दिवाळीनंतर मोहरीला फूल आलं तेव्हा त्या भिंग आणि एक फुलोरा घेऊन सरांच्या ओट्यावर आल्या.

"सर, नुसत्या चार पिवळ्या पाकळ्यांवर जाऊ नका. या समोरासमोर आहेत बघा, अधिकच्या चिन्हासारख्या. आता आत बघा. सहा पुंकेसर दिसतात? चार उंच, दोन बुटके. मोहरीच्या कुळाची ही खूण. तिळवणीत पुंकेसरांची नुसती गर्दी असते, त्यांची अशी रांग लागत नाही."

सरांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की जिल्ह्याच्या स्पर्धेत ढाल मिळाली तेव्हाही फुलला नव्हता.

"चार उंच, दोन बुटके! अगं पोरी, हे तू मला आधी कावून न्हाई सांगितलं? हे तर माझ्या खात्यातलं हाय!"

त्या दिवसापासून सरांच्या खिशात भिंग आलं. दिसेल त्या फुलात डोकं घालायचे. मुळ्याचं फूल बघून आले आणि भिंतीवरून ओरडले, "मॅडम, मुळा मोहरीचा भाऊ निघाला! चार उंच, दोन बुटके!" कोबीला फूल येतं का, म्हणून भाजीवाल्याला विचारून त्यांनी हैराण केलं. पानांकडंही बघायला लागले. मेथीची जुडी त्यांनी याच काळात ओळखून आणली, हे नोंदवायला हवं.

आणि एक दिवस त्यांना ते सापडलं. धरणाच्या कडेला, दोन दगडांच्या मधे, म्हशींच्या पायातून वाचलेलं. वीतभर उंच, खालची पानं मुळ्याच्या पानासारखी कातरलेली, वर पिवळी फुलं आणि टाचणीसारख्या बारीक शेंगा. सरांनी ते चिखलासकट जेवणाच्या डब्यात घालून आणलं. शेख मॅडमनी फूल उलगडलं, भिंग लावलं आणि मान हलवली. "कुळ तेच, सर. रानातली जात आहे. नाव मात्र मला खात्रीनं सांगता येणार नाही."

"कुळ कळलं, बास झालं," सर म्हणाले. "नावाचं काय, दाखला थोडाच काढायचाय?"

पण त्या झाडाचं वय झालेलं होतं. वहिनींनी पान चावलं आणि तोंड वाकडं केलं. "जून हाय. नुसता चोथा. हेच हाय का न्हाई, मला काय सांगता यायचं न्हाई. कोवळं पायजे." काठावर दुसरं शोधावं तर ऊन वाढलं होतं, काठ भेगाळत चालला होता. पुन्हा पाणी मागं सरून कड ओली व्हायची म्हणजे पुढचा हिवाळा. तेवढं थांबायला सर तयार नव्हते. झाड दोन दिवसांनी मान टाकून बसलं. सरांनी त्याच्या शेंगा कागदावर झाडून घेतल्या. बी कसलं, पिवळट भुकटीच ती.

इथं सरांच्या हातातला पोरपणीचा ज्वारीचा शेतकरी आडवा आला. त्यांनी धरणातला गाळ पोत्यात भरून मोटारसायकलवर आणला, सावलीत वाफा केला आणि ते भुकटीसारखं बी ज्वारी पेरावी तसं चांगलं बोटभर खोल गाडलं. वरून पायानं दाबलं. काही उगवलं नाही. शेख मॅडम म्हणाल्या, "सर, एवढं बारीक बी वरच भुरभुरायचं, गाडायचं नाही." सर म्हणाले, "ज्वारीनं आजवर कधी तक्रार केली न्हाई." पण ऐकलं. उरलेलं बी वर भुरभुरलं, आणि उगवण लवकर व्हावी म्हणून त्यावर कमरेच्या उंचीवरून अख्खी बादली ओतली. गाळ, बी, पाणी, सगळं एकदम उतारानं वाहून गेलं.

तरीही रिकाम्या वाफ्याला ते रोज पाणी घालत राहिले. आणि उन्हाळा वडवणीचा. नळाला पाणी आठवड्यानं, तेही करंगळीएवढं. गल्लीला आयतंच निमित्त मिळालं. "सर, आमी टँकरची वाट बगतो अन् तुमी मातीला पाजताव?" सर हसून सोडून द्यायचे. वहिनी मात्र चिडायच्या, "मानसाला प्यायला न्हाई अन् ह्यांचं काय चाललंय? सोडा की आता तो नाद!"

एका संध्याकाळी सर त्या वाफ्याजवळ बसलेले दिसले. विश्राम नाही, सावधान नाही, नुसते बसलेले. मी भिंतीपाशी गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मॅडम, लोकाला वाटतं मला आयतं जेवायचंय. तसं न्हाई. मी करीन की जलमभर. पन ती जेवताना आता ताटाकडं बगत न्हाई. माझ्याकडं बी न्हाई. भिंतीकडं बगत घास गिळती. ते मला बगवत न्हाई."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एवढा आडमाप माणूस असा हळू आवाजात बोलला, की काही सांत्वन करायचीही लाज वाटते. 

त्यांच्या मागच्या अंगणाचा उतार मोरीकडं आहे. तिथं वहिनी भांडी घासायच्या, त्यामुळं गावात कुठं नसली तरी तिथं ओल असायची. पावसाळा तोंडावर आला असताना एका सकाळी वहिनी भांडी घेऊन बसल्या आणि मोरीच्या कडेला हिरवं दिसलं म्हणून वैतागून उपटायला लागल्या. दोन उपटून फेकली. तिसरं उपटलं. आणि हात आपल्या सवयीनं तोंडाकडं गेला.

"अवो!"

मी चहा गाळत होते. गाळणी तशीच टाकून भिंतीपाशी आले. सर दाढी करत होते, ते एका गालाला साबण लावलेले तसेच धावत आले. वहिनी नाकाला पदर लावून बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी. "तेच हाय! तिखट हाय! तेच!"

या वेळी सरांनी बायकोकडं बघितलं नाही. आधी गुडघे टेकून रोपाकडं बघितलं. बादलीनं वाहून गेलेलं बी मोरीच्या कडेला अडकून उगवलं होतं, ना रांगेत, ना उंचीप्रमाणं. सरांनी वहिनींचा उपटणारा हात आधी बाजूला केला. मग त्यांनी फेकलेली दोन रोपं शोधून ओल्या मातीत परत टोचली. आणि मग वहिनींकडं बघितलं. साबण तोपर्यंत वाळला होता.

वहिनींनी अजून एक पान चावलं. डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसे डोळे मिटताना पाहिलं. "तिखट हाय," त्या सावकाश म्हणाल्या, "अन् मागून जरासं कडसर येतंय."

म्हणजे दोन चवी झाल्या. सर माझ्याकडं बघून दोन बोटं दाखवत होते.

त्या पाल्यानं वहिनींची चव परत आणली असं मी म्हणणार नाही. मी मराठीची बाई आहे, औषधाची नाही. बाकीच्या चवी तशाच बेपत्ता होत्या. पण त्या दुपारी वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, तिथले डबे उंचीवरून पुन्हा वापरावर आणले आणि पिठलं टाकलं, त्यात तो पाला चिरून. आणि सरांना हाक मारली. "आता मीठ तुमी चाखायचं. अन् झकास म्हनायचं न्हाई. खरं सांगायचं. खोटं बोललाव तर मी पुन्हा ओट्यावर."

सर पळी तोंडाला लावून चुलीपुढं उभे होते आणि खिडकीतून मला दिसत होते. कपाळावर घाम.

"मीठ... म्हंजे तसं... बगायला गेलं तर..."

"बोला!"

"कमी हाय."

वहिनींनी चिमूट टाकली. सर बाहेर आले ते मैदानाला दहा फेऱ्या मारल्यासारखे. पुढं मात्र त्यांना ते जमायला लागलं, इतकं, की ते भिंतीपाशी येऊन मला विचारायचे, "मॅडम, हळद कच्ची ऱ्हायली म्हंजे नेमकं कसं लागतं?" मी सांगायची. ते चाखून बघायचे. वर्षभरात नागरगोजे सर असे चाखणारे झाले, की आचारी आला तर वहिनी म्हणायच्या, "ह्यांना दाखव." पण सरांचा निकाल लागायच्या आधी एक पान तोंडात टाकून त्या शेजारी उभ्या राहायच्याच.

तण वाढलं. त्याच्या शेंगा वाळल्या की फुटून बी लांब उडतं, त्यामुळं सरांची दोरी, वाफे, रांगा सगळं व्यर्थ गेलं. मोरीकाठी, तुळशीत, माझ्या भिंतीच्या फटीत, जिथं ओल तिथं ते आलं. गल्लीतल्या बायका ठेच्यात घालायला नेऊ लागल्या. नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे सरांचं तण म्हणायचे.

मग मी निवृत्त झाले आणि मुलीकडं लातूरला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींनी जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, आणि तण घालून केलेली डाळ. आतून सरांचा आवाज आला, "मीठ बरोबर हाय." मी आत गेले तशा वहिनी चुलीपाशी माझ्या सामानाची चौकशी करायला लागल्या, गादी नेणार का, कपाट कुणाला दिलं, आणि बोलता बोलता हात मिठाच्या डब्यात गेला तो आमटीत गेला. मला दिसलं. सरांनाही दिसलं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर सरांनी मला डोळ्यांनी थांबवलं. खरं तर सांगायचं काम त्यांचं होतं, कबूलच केलं होतं त्यांनी. त्या क्षणी मला वाटलं, की पाहुण्यासमोर त्यांना ते जड जात असावं.

आम्ही तिघंही बसलो. वहिनींनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. चावता चावता थांबल्या.

"खारट झालीय," त्या म्हणाल्या.

 वहिनींनी आणखी एक घास घेतला, हळू चावला. मग त्यांनी सरांकडं बघितलं.

"अवो... खारट हाय ना?"

सरांनी मला का थांबवलं होतं, ते आता माझ्या ध्यानात आलं. त्यांनी मान हलवली.

"मला कळलं. बाई, मला कळलं की!" आणि लगेच त्यांचा गृहिणीचा जीव जागा झाला. "अगं बया, पावन्याच्या ताटात हे असलं! द्या इकडं त्या वाट्या, पानी घालून उकळी आनते."

सरांनी आपली वाटी दोन्ही हातांनी धरली. "हात लावायचा न्हाई," ते म्हणाले.  त्यांनी भाकरी कुस्करली, त्यावर ती आमटी ओतली आणि खायला लागले. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मी हात धुवून निघाले तेव्हा ते अजून जेवतच होते. वहिनी समोर बसून, "अवो पुरे, आजारी पडाल," म्हणून त्यांना रागवत होत्या, आणि सर पुन्हा वाटी पुढं करत होते.